गैरहजर रोग्याची हजेरी

खेड्यातल्या शाळेत सकाळची घंटा झाली, प्रार्थना झाली, की गुरुजी पहिले काम कोणते करतात? हजेरीपट उघडतात. समजा पटावर ४२ नावे आहेत. एकेक नाव पुकारले जाते, 'हजर गुरुजी' असा आवाज येतो आणि ३६ मुलांपुढे खूण पडते. राहिली सहा. मग गुरुजी विचारतात, "काय रे, धोंडिबाचा मुलगा तीन दिवस दिसला नाही, कुठं आहे?" कुणी सांगते तापाने पडलाय, कुणी सांगते गुरांमागे गेलाय. संध्याकाळी घरी जाताना गुरुजी त्याच्या दारावरून जातात आणि चौकशी करतात.

आता घटकाभर अशी कल्पना करा की शाळेत पटच नाही. जी मुले येतील त्यांची नावे गुरुजी रोज कोऱ्या कागदावर उतरून घेतात. त्या शाळेत एकही मूल कधी गैरहजर सापडायचे नाही! कारण जो आला नाही, त्याचे नावच कुठे नाही. ऐकायला हे हास्यास्पद वाटते. पण आपल्या बहुतेक दवाखान्यांच्या वह्या शेकडो वर्षे अशाच चालत आल्या. आज कोण आले, काय दुखते, काय औषध दिले, एवढे त्यांत लिहिलेले असते. गेल्या महिन्यात ज्याला यायला सांगितले होते आणि जो आलाच नाही, तो त्या वहीत दिसत नाही.

दुकानदार मंडळींना हा भेद एका शब्दात कळेल. रोजच्या व्यवहाराची ती कीर्द, आणि प्रत्येक गिऱ्हाइकाच्या नावाचे वेगळे पान असते ती खतावणी. कोणाकडे किती येणे राहिले हे कीर्द चाळून समजत नाही. त्याला खतावणीच उघडावी लागते. डॉक्टरांच्या हाती कीर्द होती. त्यांच्या हाती खतावणी कशी आली, तिने काय साधले आणि काय बिघडवले, ती हकीकत आज सांगायची आहे. या खतावणीला वैद्यकात रुग्णनोंदवही म्हणतात.

या हकीकतीची सुरुवात आपल्यापासून फार दूर, युरोपच्या उत्तर टोकाला, नॉर्वे देशात होते. गेल्या शतकाआधीच्या शतकात त्या देशाच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या कोळी आणि शेतकरी वस्तीत कुष्ठरोग पुष्कळ होता. बर्गेन हे तिथले बंदर. तिथे कुष्ठरोग्यांची जुनी इस्पितळे होती. दानिएल्सेन नावाचे नामांकित डॉक्टर तिथे काम करीत, आणि हा रोग आईबापांकडून रक्तात उतरतो असे त्यांचे मत होते. दुसरे कोणी म्हणत, गरिबी आणि अस्वच्छता हे कारण. आणखी कोणी म्हणत, हा एकापासून दुसऱ्याला होतो. वाद पुष्कळ चालला, पण देशात रोगी किती, कोणत्या गावात, कोणत्या घरात, हेच पक्के कोणाला ठाऊक नव्हते.

१८५६ साली नॉर्वेच्या सरकारने कुष्ठरोग्यांची देशव्यापी नोंदवही सुरू केली. एखाद्या रोगाची अशी राष्ट्रीय नोंद जगात प्रथम तिथेच झाली, असे मानतात. प्रत्येक भागाच्या डॉक्टराने आपल्या हद्दीतील रोग्याचे नाव, जन्मगाव, राहण्याचे ठिकाण आणि रोग केव्हा दिसू लागला ते लिहायचे. मग दरवर्षी त्याच माणसाचे पुढे काय झाले ते जोडायचे. इस्पितळात गेला, दुसऱ्या गावी गेला, अमेरिकेला गेला की वारला, हे सारे त्यात यायचे. ही खरी खतावणी झाली. पुढच्या काळात तिच्यात आठ हजारांहून अधिक माणसांची नावे चढली.

याच बर्गेनमध्ये १८७३ साली गेरहार्ड आर्मावर हान्सेन या तरुण डॉक्टराला कुष्ठरोगाचे जंतू सूक्ष्मदर्शकाखाली दिसले. जंतू दिसले, पण रोग पिढीजात नसून संसर्गाचा आहे हे लोकांना पटवायला आकडेही हवे होते. कोणत्या भागात रोगी अधिक प्रमाणात वेगळे ठेवले आणि तिथे नवे रोगी किती उरले, याचा ताळा या नोंदवहीवरून मांडता आला. वहीने अशा रीतीने वादाच्या जागी हिशेब आणला.

श्रोतेहो, त्याच वर्षी, १८७३ मध्येच, बर्गेनला एक पाहुणे आले. त्यांचा आपल्या मुलखाशी संबंध आहे. हेन्री व्हॅनडाइक कार्टर हे त्यांचे नाव. वैद्यकाच्या विद्यार्थ्यांना ग्रे यांचा शरीररचनेवरील प्रसिद्ध ग्रंथ ठाऊक असतो. १८५८ साली निघालेल्या त्या ग्रंथातील चित्रे या कार्टरसाहेबांनी काढली होती. ते मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकवीत असत आणि काही वर्षे साताऱ्याला सिव्हिल सर्जन होते. इथले कुष्ठरोगी त्यांनी जवळून पाहिले होते. नॉर्वेची व्यवस्था पाहून त्यांनी एक अहवाल लिहिला. तो १८७४ साली छापला गेला आणि त्याच्या नावातच हिंदुस्थानचा उल्लेख होता. बर्गेनचा अनुभव हिंदुस्थानाच्या कामी यावा, हा त्यांचा हेतू होता.

पण याच ठिकाणी नोंदवहीची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. ज्याचे नाव वहीत आले, त्याच्यावर सत्ता चालवणे सोपे होते. १८८५ साली नॉर्वेत असा कायदा झाला की, रोग्याला घरात वेगळे ठेवता येत नसेल तर त्याला इस्पितळात नेऊन ठेवता येईल. खुद्द हान्सेन यांनी एका रोगी बाईला न विचारता तिच्या डोळ्यात रोगाचा अंश टोचून पाहिला. तिने दाद मागितली, आणि १८८० साली न्यायालयाने त्यांना इस्पितळातील जागेवरून दूर केले. आपल्याकडे १८९८ साली कुष्ठरोग्यांविषयी कायदा झाला. त्याने भीक मागणाऱ्या गरीब रोग्यांना पकडून आश्रमात ठेवण्याची मुभा दिली. तो कायदा केंद्राने रद्द केला तो थेट २०१६ मध्ये. म्हणून वही उघडताना पहिला प्रश्न हाच विचारावा की ही वही रोग्याच्या कामाची आहे की रोग्याला धरण्याची?

ही झाली सरकारी वही. राजधानीत बसून देशभरचा हिशेब ठेवणारी. पण आपल्याला पाहायचे आहे ते गावच्या साध्या डॉक्टराने स्वतः ठेवलेल्या वहीबद्दल. त्यासाठी आता इंग्लंडच्या यॉर्कशायरमध्ये जाऊ. तिथे वेन्स्लीडेल नावाचे एक खोरे आहे, आणि त्यात एसगार्थ हे गाव. विल्यम पिकल्स हे तिथले डॉक्टर. आसपासची खेडी त्यांच्याकडे होती. लोक मेंढपाळ आणि शेतकरी. कोण कोणाच्या घरी जातो, कोणाची सोयरीक कुठे आहे, हे सारे डॉक्टरांना ठाऊक असे. मोठ्या शहरातल्या डॉक्टराला हे ज्ञान कधीच मिळत नाही.

पिकल्स यांनी एक साधा नेम धरला. साथीचा रोगी पाहिला की तो कोणत्या गावचा आणि आजार कोणत्या दिवशी सुरू झाला, हे लिहून ठेवायचे. मग चौकटीच्या कागदावर त्याचा तक्ता होई. या कामात त्यांना पत्नीची मदत असे. १९२९ साली त्या खोऱ्यात काविळीची साथ आली. पावणेसहा हजारांच्या आसपास वस्ती, त्यात सुमारे अडीचशे लोकांना कावीळ झाली. नोंदी मागे मागे नेत त्यांना एक मोलकरीण मुलगी आठवली. गावच्या जत्रेच्या दिवशी सकाळी त्यांनी तिला अंथरुणात पिवळी पडलेली पाहिली होती. पण दुपारी जत्रेचा मोह आवरला नाही आणि ती उठून गेली. नंतर पडलेले कित्येक रोगी त्या जत्रेशी जोडले गेले. संसर्ग झाल्यापासून कावीळ दिसेपर्यंत साधारण महिनाभर जातो, हे पिकल्स यांना कोणत्याही प्रयोगशाळेशिवाय, वही आणि ओळखीच्या बळावर सांगता आले. १९३९ साली त्यांनी हा अनुभव पुस्तकरूपाने मांडला. पुढे इंग्लंडात कुटुंबांच्या साध्या डॉक्टरांची स्वतःची संस्था निघाली तेव्हा तिचे पहिले अध्यक्षपद याच खेड्यातल्या डॉक्टराला मिळाले.

पिकल्स यांची वही साथीची होती. साथ येते आणि जाते. पण काही आजार एकदा आले की जन्मभर मुक्कामाला राहतात. रक्तदाब, मधुमेह, दमा हे तसले. त्यातही रक्तदाब फार कावेबाज. तो दुखत नाही, खुपत नाही, म्हणून माणूस दवाखान्यात येत नाही. आणि एक दिवस अर्धांगाचा झटका येतो. जो रोग माणसाला दवाखान्यात आणतच नाही, त्याला कीर्दीचा काय उपयोग? त्याला हजेरीपटच हवा. हे ज्यांनी करून दाखवले ते डॉक्टर म्हणजे ज्यूलियन ट्यूडर हार्ट.

वेल्समध्ये कोळशाच्या खाणींच्या डोंगरांत ग्लिनकॉरुग नावाचे खेडे आहे. वस्ती दोन हजारांच्या आसपास. दरीच्या टोकाला, जिथे रस्ता संपतो तिथे वसलेले. १९६० नंतरच्या सुरुवातीच्या वर्षांत ट्यूडर हार्ट तिथे डॉक्टर म्हणून आले. लोक खाणकामगार, अनेकांची छाती कोळशाच्या धुळीने भरलेली. १९७० साली तिथली खाणही बंद झाली, आणि गरिबीत बेकारीची भर पडली.

तिथे एक सोय मात्र होती. १९४८ साली ब्रिटनमध्ये सरकारी आरोग्यसेवा सुरू झाली, आणि प्रत्येक माणसाचे नाव कोणत्या ना कोणत्या डॉक्टराच्या यादीत लागले. म्हणजे पट आधीच तयार होता! मात्र बहुतेक दवाखान्यांत त्याचा उपयोग एवढाच, की किती नावांचे किती पैसे मिळायचे. ट्यूडर हार्ट यांनी तो पट हजेरीसाठी उघडला. १९६८ पासून त्यांनी ठरवले की गावातल्या प्रत्येक प्रौढाचा रक्तदाब मोजायचा. खोकल्यासाठी कोणी आला, बोट कापले म्हणून कोणी आला, मोजा. मोजला की त्याच्या कागदावर लिहा. काही दिवसांनी यादी पाहा, कोण राहिले? जे उरले त्यांना निरोप पाठवा. तरी न आले तर घरी जा. आपल्या यादीतील प्रत्येक प्रौढाचा रक्तदाब मोजणारे पहिले डॉक्टर म्हणून त्यांचे नाव घेतले जाते.

त्या सुमाराच्या डॉक्टरांत एक ठोकताळा प्रसिद्ध झाला, तो शिक्षक मंडळींनी फळ्यावर मांडावा असा आहे. त्याला निम्म्यानिम्म्याचा नियम म्हणू. गावात रक्तदाबाचे ८० रोगी आहेत असे समजा. त्यांतल्या निम्म्यांना, म्हणजे ४० जणांना, आपल्याला रोग आहे हेच ठाऊक नसते. ज्या ४० जणांना ठाऊक आहे, त्यांतले २० औषध घेत नाहीत. जे २० घेतात, त्यांतल्या १० जणांचा दाब आटोक्यात नसतो. उरले किती? ८० मधले १०. हा काही काटेकोर कायदा नाही. गावागावात आकडा बदलेल. पण दवाखान्यात बसलेल्या डॉक्टराला समोरचे २० दिसतात, आणि त्याला वाटते की आपले ठीक चालले आहे. न दिसणारे ६० त्याला फक्त यादी दाखवते.

ग्लिनकॉरुगमध्ये काय झाले? पंचवीस वर्षांच्या कामाचा हिशेब ट्यूडर हार्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये छापला. तपासणीत सापडलेल्या रक्तदाबाच्या रोग्यांचा सरासरी दाब उपचारापूर्वी १८६ वर ११० होता. १९८७ साली तो १४६ वर ८४ झाला. शेजारच्या एका गावी असे काम झाले नव्हते. त्याच्याशी तुलना करता ग्लिनकॉरुगमध्ये पासष्टीच्या आतले मृत्यू २८ टक्क्यांनी कमी निघाले. दोनच छोटी गावे घेतली म्हणजे सगळे श्रेय वहीला देता येत नाही, हे खरे. पण गरीब, बेकार गावात एवढा फरक दिसावा ही सामान्य गोष्ट नव्हे.

मला त्या माणसाची दुसरी एक गोष्ट जास्त मोलाची वाटते. गावात कोणी वारले की ट्यूडर हार्ट त्या माणसाचे कागद काढीत आणि विचारीत, हा मृत्यू टळला असता का? टळला असता तर चूक कोणाची? १९६४ ते १९८५ या काळातल्या अशा ५०० मृत्यूंचा हिशेब त्यांनी छापून प्रसिद्ध केला. निम्म्याच्या आसपास मृत्यूंत टाळण्याजोगे काही ना काही सापडले, आणि त्यातला एक वाटा त्यांनी रोग्यावर किंवा इस्पितळावर न ढकलता डॉक्टराच्या, म्हणजे आपल्याच खात्यावर मांडला. खतावणीत जमा आणि नावे या दोन्ही बाजू असतात. आपली नावेची बाजू लिहायला मनाचा मोठेपणा लागतो.

१९७१ साली त्यांनी 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात एक लेख लिहिला. ज्यांना उपचाराची गरज जास्त, त्यांच्याच वाट्याला चांगला उपचार कमी येतो, असा उलटा नियम त्यांनी मांडला. आपल्या डोंगरकपारीतल्या पाड्यांवर राहणाऱ्यांना हा नियम समजावून सांगण्याची गरज नाही. दवाखान्यात येतो तो जवळचा, पैसेवाला, चालता-फिरता. राहतो तो दूरचा, म्हातारा, रोजंदारीवरचा. वही नसेल तर डॉक्टराची सारी मेहनत पहिल्याच्याच पदरात पडते.

पुढे २००४ साली ब्रिटनच्या सरकारने हीच रीत सगळीकडे नेली. दवाखान्याने मधुमेह, रक्तदाब, दमा यांच्या याद्या ठेवाव्या, त्यांतल्या किती जणांची वेळेवर तपासणी झाली ते दाखवावे, आणि त्याप्रमाणे जादा पैसे घ्यावे. नोंदी झपाट्याने सुधारल्या. पण काही ठिकाणी रोग्याकडे पाहण्याऐवजी रकाने भरण्याकडेच लक्ष जाऊ लागले, अशी तक्रारही झाली.

आता आपण घरी परत येऊ. आपल्याकडे ब्रिटनसारखी डॉक्टराची ठरलेली यादी नाही. आज या डॉक्टराकडे, उद्या त्या डॉक्टराकडे, परवा जाणत्या वैदूकडे, अशी आपली रीत. मग पट कुठून आणायचा? त्याचे उत्तर बार्शीने दिले. १९८७ साली बार्शीच्या कर्करोग रुग्णालयात भारतातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. बार्शी, परांडा आणि भूम या तालुक्यांतली ३४६ गावे तिच्यात घेतली. त्याआधी मुंबईत अशी नोंद १९६३ पासून होती. पण शहरात इस्पितळांच्या वह्या जमवल्या की काम पुष्कळसे भागते. खेड्यातला रोगी इस्पितळात पोचतच नाही. म्हणून बार्शीचे कार्यकर्ते गावोगावी गेले. लोकांशी बोलले, कोणती लक्षणे दिसली तर अंगावर काढू नये ते सांगितले, आणि संशय आला त्याला तपासणीला आणले. गाव हाच त्यांचा पट झाला. परिणाम असा की, गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग असलेल्या बायका पूर्वीपेक्षा लवकरच्या टप्प्यात उपचाराला येऊ लागल्या. नुसते मोजायला गेलेली वही माणसे वाचवू लागली.

आणि आपल्या हकीकतीतला सातारा आठवतो ना? २०१७ साली देशात रक्तदाब नियंत्रणाचा एक मोठा उपक्रम सुरू झाला. महाराष्ट्रातल्या पहिल्या जिल्ह्यांत सिंधुदुर्ग, भंडारा, वर्धा यांच्याबरोबर सातारा होता. पद्धत साधी होती. प्रत्येक रोग्याचे स्वतःचे कार्ड किंवा मोबाइलवरची नोंद, ठरावीक औषधे, पुढच्या भेटीची तारीख. तारखेला जो आला नाही त्याचे नाव वेगळे निघते आणि त्याला फोन जातो. कार्टरसाहेब ज्या जिल्ह्यातून नॉर्वेची वही पाहायला निघण्याइतके अस्वस्थ झाले, तिथल्या दवाखान्यांत दीडशे वर्षांनी ही वही उघडली गेली. आता तिचा रोख रोग्याला कोंडण्याकडे नाही, त्याला परत बोलावण्याकडे आहे.

यावर कोणी आरोग्यसेविका किंवा आशाताई म्हणतील, "वह्या काय कमी आहेत का? लिहिता लिहिता हात मोडायची वेळ आली!" त्यांचे म्हणणे अगदी रास्त आहे. वही वर पाठवण्यासाठी लिहिली आणि पुन्हा उघडलीच नाही, तर ती रद्दीच. चांगल्या नोंदवहीची कसोटी एकच: आज सकाळी ती उघडून 'आज कोणाच्या घरी जायचे' हे कळते का? कळत असेल तर पाच रकानेही पुरे. नाव, राहण्याचे ठिकाण, आजार, शेवटची तपासणी, पुढची तारीख. मात्र ही वही चावडीवर उघडी टाकायची नाही. क्षयाचे किंवा कुष्ठाचे नाव बाहेर फुटले तर मुलीचे लग्न मोडते, माणूस पुढच्या वेळी खरे सांगत नाही, आणि मग वहीत खोटेच भरते. नोंद विश्वासावर उभी असते.

शिक्षक बंधुभगिनींनो, हजेरीपटाचे मर्म तुमच्याइतके कोणाला ठाऊक नाही. वरच्या वर्गाला निम्म्यानिम्म्याचा नियम गणितात शिकवा. आपल्या घरातल्या आजी-आजोबांचा रक्तदाब शेवटचा केव्हा मोजला, हे त्यांना घरी विचारायला सांगा. उत्तर शाळेत आणायची गरज नाही, ते घरात कळले म्हणजे झाले.

आणि श्रोतेहो, तुमचा रक्तदाबाचा किंवा साखरेचा कागद कुठल्यातरी पिशवीत कोंबलेला असेल. आज तो काढा आणि पुढची तारीख वाचा. ती उलटून गेली असेल, तर दवाखान्याच्या पटावर तुम्ही आज गैरहजर आहात. उद्या सकाळी जाऊन हजेरी लावा.